हात सुटलेल्या पेशी: निपाणीकडच्या एका मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रकरण

पॅथॉलॉजिस्टकडं सहसा माणसं येत नाहीत, डब्या येतात. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला तुकडा, वर चिकटपट्टी, तिच्यावर नाव, वय, वॉर्ड. त्यामुळं 'एक ताई ब्लॉक घेऊन आल्यात, तुम्हालाच भेटायचं म्हणतात' असा बाहेरून निरोप आला तेव्हा मी जरा कुरकुरतच उठले. पस्तिशीची बाई. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात वडिलांची फाइल, आणि रुमालाच्या गाठीत मेणाचे दोन ब्लॉक, म्हणजे तपासणीचा तुकडा ज्यात बसवून जपतात त्या मेणाच्या वड्या.

"सूज आहे म्हणून लिहिलंय मॅडम. खरं सूज असती तर चार महिन्यांत उतराय नको होती काय?"

(आमच्या बेळगावाकडं 'खरं' म्हणजे 'पण'. तिला रिपोर्ट खोटा म्हणायचा नव्हता, फक्त पटला नव्हता.)

ओळख पटू नये म्हणून वय आणि गाव मी थोडं हलवलंय. वडिलांना घरात, वखारीत आणि पुढं आमच्या वॉर्डातही सगळे आण्णाच म्हणायचे, इथंही तेच म्हणते. वय ६२, निपाणीजवळचं खेडं. थोडं रान होतं, पण उमर गेली तंबाखूच्या वखारीत, पोती उचलण्यात आणि तोलण्यात. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत हायवे अडवला होता आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन १२ शेतकरी गेले. त्या वेळी आण्णा मिसरूड फुटलेलं पोरगं होते आणि रस्त्यावर बसलेल्यांत होते. हे त्यांनी आम्हाला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. बिडी किती ओढता, ते मात्र तिसऱ्या भेटीत: दिवसाला दीड बंडल, चाळीस वर्षं.

तक्रार होती लघवीच्या जळजळीची, रात्रीतून सहा-सात वेळा उठण्याची. गावात याला उन्हाळी लागली म्हणतात. सब्जा झाला, धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, मग अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना जे घोकायला लावतो, ते काहीही न दुखता पडणारं लालभडक रक्त, आण्णांना पडलंच नव्हतं. एकदा गुलाबीसर लघवी झाली, ती बीट खाल्ल्यामुळं असेल म्हणून सोडून दिली. कल्चरमध्ये जंतू नाहीत. सोनोग्राफीत मूत्राशयाची डावी भिंत जाड, गाठ नाही, डावी किडनी थोडी फुगलेली. आपल्याकडं अशा वेळी टीबीची शंका घ्यावीच लागते. ती घेतली गेली, तपासण्यांत काही निघालं नाही. दुर्बीण घातली तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ कुठंच नव्हती. एक लालसर, खडबडीत पट्टा आणि पाणी भरलं तरी न फुगणारी ताठ भिंत. तिथला तुकडा एका लॅबमध्ये गेला. रिपोर्ट आला: जुनाट सूज, प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, जुनाट सुजेत गोळा होतात) भरपूर.

त्या लॅबवर मी तोंडसुख घेणार नाही, कारण पहिल्या नजरेत मलाही तेच दिसलं. दुपारचे साडेतीन वाजले होते, ट्रेमध्ये अजून तीसेक स्लाइड होत्या. प्लाझ्मा पेशी, सूज, ठीक आहे, असं म्हणून स्लाइड बाजूला ठेवली आणि चहाला गेले. चहा पिताना बोचत राहिली ती फुगलेली किडनी. साध्या सुजेनं किडनीकडून येणाऱ्या नळीचं तोंड असं आवळलं जात नाही, निदान सहजासहजी नाही. कप तसाच ठेवून परत आले आणि ४० चं भिंग लावलं.

प्लाझ्मा पेशीचं केंद्रक एका कडेला सरकलेलं असतं. त्यातलं क्रोमॅटिन, म्हणजे गुंडाळलेला डीएनए, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं गोलाकार मांडलेलं असतं आणि शेजारी एक फिकट डाग असतो. या पेशींचं केंद्रक कडेला होतं, पण तबकडी नव्हती, फिकट डागही नव्हता. काहींच्या पोटात एक गोल पोकळी होती. सुजेच्या पेशी येतात त्या घोळक्यानं, रक्तवाहिन्यांभोवती गर्दी करून. या मात्र स्नायूच्या दोन धाग्यांच्या फटीतून एकामागून एक चालल्या होत्या, बांधावरून रानाला निघालेल्या माणसांसारख्या. कुणाचा हात कुणाच्या हातात नाही.

आणि हो, तुकड्यात स्नायू होता. ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. दुर्बिणीतून खरवडून काढलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा जाड स्नायू आलाच नाही, तर कर्करोग वरवरचा आहे की भिंतीत घुसलाय हे सांगताच येत नाही, आणि सगळे उपचार तर त्या एका प्रश्नावर अवलंबून. इथं स्नायू होता आणि पेशी त्याच्या आत होत्या.

मग तपकिरी रंगाच्या तपासण्या लावल्या. यात प्रतिपिंड विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि ते प्रथिन असेल तिथं पेशी तपकिरी होते. पहिलाच सापळा सीडी१३८ चा. प्लाझ्मा पेशी ओळखायला हाच डाग वापरतात, आणि आण्णांच्या पेशींनी तो झकास घेतला. इथं थांबलं असतं तर पुन्हा सूज, नाहीतर प्लाझ्मा पेशींचाच कर्करोग, असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. पण अस्तराच्या पेशीही सीडी१३८ दाखवतात. म्हणून अस्तराच्या पेशींचं प्रथिन केराटिन लावलं: तपकिरी. मूत्राशयाच्या अस्तराची खूण गाटा३: केंद्रकं तपकिरी. रक्तपेशींचा सीडी४५: कोरा. म्हणजे ही मंडळी रक्तातून आलेली पाहुणी नव्हती, मूत्राशयाच्या अस्तराचीच होती आणि वेष पालटून फिरत होती.

शेवटी ई-कॅडहेरिन, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन. ती स्लाइड मी अजून विद्यार्थ्यांना दाखवते. तुकड्याच्या एका कोपऱ्यात निरोगी अस्तराची चिंचोळी पट्टी शिल्लक राहिली होती. तिच्यातल्या प्रत्येक पेशीभोवती बारीक तपकिरी रेघ, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. डाग नीट लागलाय याची खात्री त्या पट्टीनंच दिली. आणि तिच्याखाली, केसाच्या अंतरावर, शेकडो पेशी निळसर, उघड्या. एकीलाही रेघ नाही.

निदान लिहिलं: युरोथेलियल कार्सिनोमा, प्लाझ्मासायटॉइड प्रकार, स्नायूत शिरलेला. म्हणजे मूत्राशयाच्या अस्तराचा, पण प्लाझ्मा पेशींसारखा दिसणारा कर्करोग. मूत्राशयाच्या घुसखोर कर्करोगांत हा शंभरात एक ते तीन एवढाच सापडतो.

ती रेघ नसल्यानं काय होतं

मुलीला समजावताना मी फुगडी सांगितली. ई-कॅडहेरिन हा पेशीच्या पटलाबाहेर आलेला हात. शेजारच्या पेशीचाही तसाच हात बाहेर आलेला असतो, आणि हा हात फक्त आपल्यासारख्याच हाताला धरतो. मनगटं ताठ राहतात ती कॅल्शियममुळं. कॅल्शियम काढून घेतलं की हात लुळे पडतात आणि पेशी सुट्या होतात. जपानच्या मासातोशी ताकेइचींनी या प्रथिनांचा शोध लावला तो कॅल्शियमच्याच मागावर. हाताचा खांदा पेशीच्या आत असतो: बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिन, आणि त्यांच्यामार्फत पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे दोर. म्हणजे बाहेर हात धरला की आतला सांगाडाही शेजारणीशी बांधला जातो. दोघी मागं झुकून फुगडी घालतायत आणि एकीनं हात सोडला, की ती एकटीच पडत नाही.

पायाखालची पकड वेगळी. अस्तराची तळातली पेशी खालच्या पापुद्र्याला, म्हणजे तळपटलाला, अल्फा-६ बीटा-४ नावाच्या इंटेग्रिननं (पेशीला आजूबाजूच्या मातीत धरून ठेवणाऱ्या प्रथिनानं) रोवलेली असते. कर्करोग भिंतीत शिरायचा तर दोन्ही सुटायला लागतात, शेजारणीचा हात आणि पायाखालची जमीन. आणि सुटून भागत नाही, पुढच्या मातीत पाय रोवायला दुसरी इंटेग्रिनं वापरावी लागतात. घुसखोरी म्हणजे नुसतं सुटणं नव्हे, सोडत-धरत पुढं जाणं आहे.

मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग या वाटेनं हळूहळू जातात. निदान होतं तेव्हा साधारण चारातले तीन वरवरचेच असतात. शेवाळासारख्या झुलणाऱ्या सौम्य वाढीत ई-कॅडहेरिनची जाळी बहुधा शाबूत दिसते. दर्जा बिघडत जातो, पेशी खोल जातात, तशी जाळी विरत जाते. जनुक मोडलेलंच असतं असं नाही. कधी त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलची कुलपं बसतात, कधी स्नेल, ट्विस्ट, झेब अशी नियंत्रक प्रथिनं त्याला गप्प करतात, आणि ई-च्या जागी एन-कॅडहेरिन येतं, जे फिरस्त्या पेशींचं. गंमत अशी की दूर जाऊन बस्तान बसवलेल्या पेशी कधीकधी ई-कॅडहेरिन पुन्हा काढतात. प्रवासापुरते हात सोडायचे, मुक्कामाला पुन्हा धरायचे.

आण्णांचं तसं नव्हतं. या प्रकारात ई-कॅडहेरिनचं जनुकच, सीडीएच१, तुटतं. ते १६ व्या गुणसूत्रावर असतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की प्लाझ्मासायटॉइड गाठींपैकी ८४ टक्क्यांत हे जनुक अर्ध्यात तुटलेलं असतं आणि नेहमीच्या प्रकारात तसं होत नाही. त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींत तेच जनुक मोडलं, तर पेशी जास्त हिंडू लागल्या. स्तनाचा लोब्युलर आणि जठराचा पसरट कर्करोग ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रांगेनं जाणारी पेशी ओळखीची वाटेल. तिथंही हाच हात तुटलेला असतो.

एन-कॅडहेरिनचं नाटकही या प्रकारात बहुधा होत नाही. वेष बदलणं नाही, तयारी नाही, नुसतं सुटणं. म्हणूनच गाठ होत नाही. गाठ व्हायला एकमेकांना धरून राहावं लागतं. हात नसलेल्या पेशी भिंतीत पाझरत जातात, भिंत चामड्यासारखी होते, आणि आतून दुर्बीण घालणाऱ्याला खडबडीत पट्ट्यापलीकडं काही दिसत नाही. रक्तही उशिरा पडतं. आण्णांच्या चार महिन्यांचा हिशोब इथं लागतो, आणि त्यात निष्काळजीपणा असलाच तर तो थोडा.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जनुक म्हणजे आमच्या पोरांनापण येणार काय?"

प्रश्न रास्त होता. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कर्करोगानं जात होती. हेच जनुक तिथं वारशानं मोडकं आलंय, हे १९९८ साली सापडलं. पण मूत्राशयाच्या या प्रकारात मोड फक्त गाठीच्या पेशींत आढळलेली आहे, रक्तातल्या पेशींत नाही. घरात जठराचा कर्करोग कुणाला होता का ते विचारून घेतलं. कुणालाच नव्हता. मग तिला स्पष्ट सांगितलं, नाही.

बिडीचं तेवढं स्पष्ट सांगता आलं नाही. धुरातली आरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं रक्तातून किडनीत आणि तिथून मूत्राशयात येऊन लघवीबरोबर तासन्‌तास थांबतात. मूत्राशयाच्या साधारण निम्म्या कर्करोगांचं खापर तंबाखू ओढण्यावर फुटतं, यात वाद नाही. जर्मनीत रेननं १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार दाखवला, त्यामागंही याच जातीची रसायनं होती. पण आण्णांच्या १६ व्या गुणसूत्रावरची ती मोड बिडीनंच झाली असं मी रिपोर्टात लिहू शकत नाही, आणि वखारीतल्या धुळीनं झाली असं तर मुळीच नाही. आण्णांनी स्वतःच निकाल देऊन टाकला होता: "तंबाखूनं पोसलं, तंबाखूनं नेलं. चालायचंच की ओ."

उपचार

आधी किडनी. अडकलेल्या किडनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, टाकला, कारण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं आणि कमजोर किडनीवर ते देता येत नाही. तीन आठवडे थांबून सिस्प्लॅटिन आणि जेमसिटाबिन, चार फेऱ्या, आणि मग मूत्राशय काढायचं असा बेत.

मधल्या काळात वॉर्डात एक गैरसमज झाला तो नोंदवण्यासारखा आहे. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यांना दर आठवड्याला मूत्राशयात बीसीजी सोडत. आण्णांच्या पुतण्यानं वाद घातला, "त्यांना टीबीची लस देतात, बरे व्हाय लागलेत, आमच्या आण्णांनाच केमो का?" बीसीजी वरवरच्या कर्करोगासाठी आहे. १९७६ साली कॅनडाच्या मोरालेसनी नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला, तिथून ती रुळली. भिंतीत खोल गेलेल्या रोगापर्यंत ती पोचत नाही. पण आमच्या विषयाशी तिचं नातं आहेच. बीसीजीचे जंतू मूत्राशयाच्या भिंतीला धरतात ते फायब्रोनेक्टिन नावाच्या चिकट प्रथिनाच्या आधारानं, आणि पेशीत शिरताना इंटेग्रिनची मदत होते. धरण्याची यंत्रणा कर्करोगानं मोडली, आणि तीच वापरून औषध बसवलं. पुतण्याला हे सगळं सांगितलं नाही. 'त्यांचा वरवरचा आहे' एवढ्यावर तो गप्प झाला.

चौथ्या फेरीनंतरच्या सीटीत भिंत पातळ दिसली. सगळे खूश. मी तेवढी नव्हते. हा प्रकार केमोला वरकरणी चांगला वाकतो आणि नंतर पोटाच्या आतल्या पडद्यावर, पेरिटोनियमवर, उगवतो. हात नसलेल्या पेशी सीटीत दिसण्याएवढ्या एकत्र यायलाच तयार नसतात.

ऑपरेशनच्या दिवशी साडेदहाला फ्रोझन सेक्शन आलं. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून लगेच वाचायचा, सर्जन हातमोजे घालून तिकडं थांबलेला. नाचणीच्या दाण्याएवढे तीन पांढुरके ठिपके, पेरिटोनियमवरचे. क्रायोस्टॅटमध्ये गोठवले, काप घेतला, रंगवला. मेदात सुट्या पेशी, केंद्रकं कडेला. फोनवर सांगितलं, "आहे." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग "बरं". मूत्राशय न काढताच पोट शिवलं. पसरलेल्या रोगात मूत्राशय काढून आण्णांना पिशवी लावण्यात अर्थ नव्हता, आणि तो निर्णय बरोबरच होता असं मला आजही वाटतं.

पुढं नेक्टिन-४ चा विषय निघाला. हेही पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकीच, पण कॅडहेरिनच्या घराण्यातलं नव्हे, आणि त्याला कॅल्शियम लागत नाही. मूत्राशयाच्या बऱ्याच कर्करोगांत ते कमी व्हायच्या ऐवजी भरपूर असतं. एनफॉर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध त्याच हाताला धरतं, पेशीच्या आत ओढलं जातं आणि आत विष सोडतं. प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर ते दिलं तेव्हा पसरलेल्या रोगात मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान जेवढा काळ जगले तो) ३१.५ महिने निघालं, नेहमीच्या केमोवर १६.१. हे आकडे २०२३ मध्ये मांडले गेले. मूत्राशयाच्या कर्करोगात इतका फरक बघायची सवय आम्हाला नव्हती. आण्णांच्या प्रकारात नेक्टिन-४ किती, हे ज्याचं त्याचं वेगळं, तपासूनच बघावं लागतं.

आणि औषधाची किंमत त्या घराच्या आवाक्यात नव्हती. निपाणीला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. कार्ड कर्नाटकाचं, नातेवाईक महाराष्ट्रात. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करण्यावरून २०२३ मध्ये दोन सरकारांत जुंपली, ते पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. "आमचं गाव यात आहे की नाही, तेवढं बघा की मॅडम." मी बघितलं. पण या औषधाला त्यानं फरक पडला नसता.

त्या प्रकरणानंतर आमच्या लॅबमध्ये एक बदल झाला. मूत्राशयाच्या तुकड्यात प्लाझ्मा पेशी भरपूर दिसल्या आणि रुग्ण पन्नाशीपुढचा असला, तर मी सही करण्याआधी एक केराटिन लावते, कुणी सांगितलेलं नसलं तरी. ई-कॅडहेरिन मात्र सरसकट लावत नाही. नेहमीच्या प्रकारात ते एका कोपऱ्यात गडद, दुसऱ्यात फिकं, दोन पॅथॉलॉजिस्ट दोन आकडे सांगतात, आणि कुठलाही सर्जन त्यावर उपचार ठरवत नाही. अमुक एक प्रथिन कमी म्हणजे रोग वाईट, असले निबंध ढिगानं आहेत. टेबलावर मला ते लागतं ते नाव ठरवायला, भविष्य सांगायला नाही.

आण्णा घरी आहेत. दुखणं गोळ्यांवर थांबतं, दुसऱ्या प्रकारची केमो चालू आहे. गेल्या आठवड्यात मुलगी ब्लॉक परत न्यायला आली. नेक्टिन-४ ची तपासणी मुंबईला करून घ्यायचं घरात ठरलंय, पुढचं पुढं बघू म्हणाली. दोन्ही ब्लॉक तिनं त्याच रुमालात बांधले. आमच्या रजिस्टरवर रकान्यांची नावं इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. ती क्षणभर अडखळली, मी बोट ठेवून दाखवलं, आणि 'कोण घेऊन गेले' या रकान्यात तिनं मराठीत, जरा मोठ्या अक्षरात लिहिलं: मुलगी.